पागेच्या भिंतीवरचा घोडा: दगड काढून ठेवावा की जागेवरच राहू द्यावा?

ओसरी
नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्करात राहते. बाहेरगावच्यांसाठी सांगते, लष्कर हा इथला शहराचा भाग. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याखाली फौजेचा तळ टाकला, तंबू काही उठले नाहीत आणि तळाचंच शहर झालं. नाव मात्र लष्करच राहिलं.

माझं आजोळही इथेच. वाड्याच्या मागे एक पागा आहे. घोडे जाऊन जमाना झाला, आम्ही लहानपणापासून तिथे मोडक्या खाटा आणि लाकूडफाटाच बघितला. मामाला आता ती जागा गोदामासाठी भाड्याने द्यायची आहे म्हणून दुरुस्ती काढली. मागच्या आठवड्यात मिस्त्रीने भिंतीवरचं फुगलेलं सिमेंट खरवडलं आणि आतल्या चिऱ्यावर घोडा निघाला.

खिळ्याने किंवा सुरीच्या टोकाने कोरलेला आहे. मान उंच, कान टवकारलेले, आयाळीच्या सात रेघा (मी मोजल्या), तोंडात लगाम, पाठीवर खोगिराचा उंचवटा. काढणाऱ्याने घोडा रोज हाताळलेला असणार, कारण लगामाची कडी गालाच्या नेमक्या जागी आहे. पोटापाशी मात्र चित्र संपतं आणि जमिनीची फरशी सुरू होते. पाय नाहीत. शेजारी मोडीसारखी दोन-चार अक्षरं आहेत, त्यातली पुढची चिऱ्याचा टवका उडाल्यामुळे गेली आहेत.

ठेकेदार म्हणतो ग्राइंडर मारून सरळ करून देतो. मामाला ते नको आहे. त्याचं म्हणणं, चिरा कापून काढू, साफ करून दिवाणखान्यात लावू, निदान चार माणसं बघतील. मामाचा हेतू चांगला आहे, पण मला ते पटत नाहीये आणि का पटत नाहीये ते नीट सांगता येत नाहीये. सोमवारपर्यंत काम थांबवलं आहे. फोटो जोडला आहे. जाणकारांनी सांगा.

निळी_शाई
अगं किती सुंदर! फोटो मोठा करून बघितला. आधी ग्राइंडर घराबाहेर काढ, मग पुढचं बोलू.

जुनापुराणा
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण मनात आलं ते लिहितो. किल्ल्यावर जाऊन बघा, मानमंदिराच्या आसपास भिंतींवर बाण मारलेली बदामं आणि नावं. ती बघून आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याच्या कलम ३० खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मग दीडशे वर्षांपूर्वी कुणी तेच केलं तर तो वारसा कसा? अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपल्या पलटणीचं नाव कोरून ठेवलंय, तेही थेट बोधिसत्त्वाच्या चित्रावर. मी ते पाहिलं तेव्हा पोटात ढवळून आलं. लेणी जगापुढे आणली म्हणून त्याचं कौतुक होतं, पण त्या चित्रावर त्याने सुरी चालवली हे मी विसरू शकत नाही.

ओसरी
वाईट कसलं वाटायचं. प्रश्न बरोबरच आहे आणि मी कालपासून त्यावरच विचार करतेय. मला फरक असा दिसतो: जॉन स्मिथने दुसऱ्याचं चित्र कापून त्यात आपलं नाव घातलं. आमच्या पागेतला माणूस जिथे चाकरीला होता, जिथे त्याने रात्री काढल्या, त्या कोऱ्या दगडावर त्याने घोडा काढला. त्याने काही मोडलं नाही. आज किल्ल्यावर कोरणाऱ्या मुलांना मात्र थांबवायलाच हवं, त्यात दुमत नाही.

कातळ
दोघांचंही वाचलं. माझं काम दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं, म्हणून थोडं लिहितो.

जॉन स्मिथच्या त्या सहीची एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती आज माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर आहे. तो शिडी घेऊन चढला नव्हता. १८१९ साली लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता, त्या ढिगावर उभं राहून त्याने सही केली. पुढे लेणं साफ झालं, जमीन खाली गेली, सही वर राहिली. त्या सहीच्या उंचीवरून तेव्हा लेण्यात किती भराव होता हे कळतं. तोच खांबाचा तुकडा कापून एखाद्या संग्रहालयात नेला असता तर सही वाचता आली असती, ही गोष्ट कळली नसती.

म्हणून मामांना आत्ताच सांगा, चिरा हलवू नका. आणि मला दोन गोष्टी मोजून कळवा. घोडा जमिनीपासून किती उंचीवर आहे? आणि पागेत घोडे बांधायच्या कड्या शिल्लक असतील तर त्या किती उंचीवर आहेत?

ओसरी
आत्ता टेप घेऊन जाऊन आले. घोड्याची पाठ जमिनीपासून जेमतेम दीड वीत. कान धरले तर दोन वीत होतील. भिंतीत दगडातच पाडलेल्या तीन कड्या आहेत, चिऱ्याला आरपार भोक पाडून केलेल्या, आतून दावं घासून गुळगुळीत झालेल्या. त्या माझ्या घोट्याच्या थोड्या वर येतात.

आता लिहिताना लक्षात येतंय. घोडा घोट्याला कसा बांधणार?

कातळ
हेच विचारायचं होतं. कडी घोड्याच्या छातीच्या आसपास हवी. म्हणजे तुमच्या पागेची जमीन नंतर भरून वर आणली आहे, दोन-अडीच फूट तरी. तुमचा माणूस खाली बसून किंवा वाकून कोरत नव्हता, उभा राहून छातीच्या उंचीवर कोरत होता. आणि घोड्याचे पाय असणार, फरशीखाली.

निळी_शाई
अंगावर काटा आला.

गोदीवाला
मंडळी, मी मुंबईचा. ३१ वर्षं एका गोदीत सुतारकाम केलं. गोदीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तक्रारीसारखं आहे आणि ज्यांनी केलं ते कधीचेच निवृत्त झाले.

आमच्याकडे एक जुनं दगडी वखार होतं. समुद्राकडच्या बाजूला लांब ओटा, वर पन्हळी पत्रा. लढाईच्या काळात बोटीची वाट बघत शिपाई त्या ओट्यावर दिवसचे दिवस बसत, असं आमचे मुकादम सांगायचे, त्यांना त्यांच्या मुकादमांनी सांगितलेलं. त्या भिंतीवर माणसाच्या बसत्या उंचीला सगळीकडे कोरलेलं होतं. आमचा काळा दगड भारी कडक, ग्वाल्हेरच्या वालुकाश्मासारखा सुरीला वाट देत नाही, त्यामुळे ओरखडे उथळ होते. दुपारी काही दिसायचं नाही. सकाळी सातच्या पाळीला मात्र ऊन आडवं यायचं आणि अख्खी भिंत बोलायला लागायची. नावं कमी होती. गावांची नावं जास्त. एकाने नुसत्या उभ्या रेघा मारल्या होत्या, सातासातांच्या, नऊ ओळी. नवव्या ओळीत चारच रेघा. मी पाळीला जाताना रोज त्या चार रेघांकडे बघायचो.

एका वर्षी पावसाळ्याआधी कुणीतरी ठराव केला आणि त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला. मी सुट्टीवर होतो. परत आलो तर भिंत राखाडी, सपाट. एक फोटोसुद्धा कुणी काढला नव्हता. मी गावांची नावं आठवून वहीत लिहायला बसलो तर अकराच आठवली.

ताई, तुमचा धागा वाचून झोप लागली नाही. आधी फोटो काढा, मग बाकीचं. सकाळच्या तिरप्या उन्हात काढा.

ओसरी
काका, तुमच्या त्या चार रेघा आता माझ्याही डोळ्यांसमोरून जात नाहीत. वहीतली अकरा नावं तरी कुठेतरी नीट उतरवून ठेवा ना.

गोदीवाला
ठेवली आहेत. नातीने संगणकावर घातली.

मुंबईचंच आणखी एक सांगतो. १९४५च्या डिसेंबरात नौदल दिनाच्या आदल्या रात्री कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी भिंतींवर ‘क्विट इंडिया’सारख्या घोषणा रंगवल्या होत्या. सकाळी त्या घाईघाईने पुसल्या गेल्या. पुढे फेब्रुवारीत बी. सी. दत्त हा तरुण तारायंत्री घोषणा लिहिल्याबद्दल पकडला गेला आणि १८ फेब्रुवारी १९४६ला तिथूनच नौदलाचा संप पेटला. एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात भिंतीवरच्या अक्षरांनी झाली, आणि त्यातलं एक अक्षर आज बघायला नाही. कोरलेलं असतं तर पुसायला जड गेलं असतं.

मुरारकर
ओसरीताई, मी मुरारचा, तुमच्या गावचाच. आपल्या किल्ल्यावरही १८५८ ते १८८६ इंग्रजी पलटण होती. १८८६ला झाशीच्या बदल्यात किल्ला शिंद्यांना परत मिळाला. तेव्हाच्या इंग्रजी शिपायांच्या खुणा कुठे वाचायच्या झाल्या तर एक युक्ती सांगतो. १८८१पर्यंत त्यांच्या पायदळाच्या पलटणी मुख्यतः आकड्यांनी ओळखल्या जात, अमुकावी फूट, तमुकावी फूट. १८८१च्या फेररचनेत आकडे जाऊन परगण्यांची नावं आली. त्यामुळे तारीख नसली आणि नुसता आकडा असला तर खूण बहुधा १८८१च्या आधीची. शिपाई जुना आकडा सहजी सोडत नसत, म्हणून बहुधा म्हणतो.

आणि मामांच्या ‘काढून नेऊ’ या विचारावर एक गोष्ट. व्हेनिसला जहाजांची प्रचंड जुनी गोदी आहे, आर्सेनाल. तिच्या दरवाजाशी संगमरवरी सिंह बसलेला आहे, पुरुषभर उंचीपेक्षा मोठा. तो मूळचा ग्रीसमधल्या पिरेयस बंदरातला. त्या बंदराला खलाशी सिंहाचं बंदर म्हणायचे, इतका तो ओळखीचा. ११व्या शतकात उत्तरेकडून आलेल्या भाडोत्री शिपायांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर त्यांच्या रून लिपीत नागमोडी पट्ट्यात मजकूर कोरला. १६८७ला व्हेनिसच्या मोरोसिनीने अथेन्सवर स्वारी केली आणि सिंह लूट म्हणून उचलून नेला. मग शंभराहून जास्त वर्षं गोदीच्या दारातली माणसं तो मजकूर रोज बघत होती आणि ती अक्षरं आहेत हेच कुणाला कळेना. १८व्या शतकाच्या अखेरीस ओकरब्लाड नावाच्या स्वीडिश माणसाने ओळखलं. तोवर ऊन-पावसाने मजकूर इतका झिजला होता की आजही त्याच्या वाचनावर वाद आहेत. तो शिपाई बंदरात कुठे तोंड करून उभा होता, समोर काय होतं, हे सगळं पिरेयसलाच राहिलं.

जुनापुराणा
मुरारकर, सिंहाची गोष्ट माहीत नव्हती. मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. ताई, जमीन उकरून बघणार का?

ओसरी
मामाला धागा वाचून दाखवला. गोदीवाला काकांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग स्वतःच म्हणाला, चिरा कापायचा नाही. आजीला विचारलं (वय ८८), पागेची जमीन कधी भरली. ती म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हा अशीच होती. सासरे सांगायचे, मोटार आत घ्यायची म्हणून भरली.” उद्या सकाळी मिस्त्री घोड्याखालची एकच फरशी उचलणार आहे. कातळदादा, काय जपायचं सांगा.

कातळ
फरशी पहारीने उचकटू नका, सांध्यातला चुना आधी छिन्नीने मोकळा करा. खालची माती हाताने आणि लाकडी पट्टीने काढा, भिंतीला लोखंड लागता कामा नये. पाणी मारू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा कोळसा अजिबात घासू नका, वालुकाश्माच्या कणाकणात तो जाऊन बसतो आणि काढताना कडा तुटतात. पंखाच्या मऊ कुंच्याने झटका. मग अंधार करून विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा, चारी बाजूंनी, आणि प्रत्येक बाजूचा फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा.

ओसरी
झालं!!

सकाळी साडेसहाला सुरू केलं. फरशीखाली वीतभर चुन्याची कोबा, त्याखाली विटांचे तुकडे, माती, एक गंजलेला नाल. नाल हातात आला तेव्हा मामा जो गप्प झाला तो बराच वेळ बोललाच नाही. कोपरभर खाली गेल्यावर पाय दिसले. पुढचा डावा उचललेला, बाकीचे टेकलेले. मागच्या पायाजवळ शेपटी अगदी खालपर्यंत सोडलेली. खुरांखाली आडवी रेघ, म्हणजे त्याने जमीनसुद्धा काढली होती! आणि रेघेखाली आकडा. आम्ही तिघांनी वेगवेगळा वाचला आणि तिघांचाही एकच आला: १९३१. खाली आणखी हातभर खणल्यावर जुनी फरसबंदी लागली. तिथे उभी राहिले तर घोडा बरोबर माझ्या छातीशी आला आणि कडी पोटाच्या वर.

मामा थोडा हिरमुसला, ९५ वर्षंच जुना निघाला म्हणून. फोटो लावते आहे, वरच्या मोडी अक्षरांचाही, विजेरी डावीकडून धरून.

मोडीवाचक
धागा उशिरा बघितला. ताई, आकड्याच्या आधी डावीकडे विजेरीच्या सावलीत एक लहान अक्षर आहे, ते तुमच्या वाचनात आलेलं नाही. मोठं करून बघा. ‘सं’ आहे, संवत. ग्वाल्हेर दरबाराच्या कागदांत विक्रम संवतच चाले. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटी शेवटी ५६. म्हणजे १८७४-७५. मामांना सांगा, हिरमुसायचं कारण नाही. जयाजीराव शिंद्यांचा काळ. जयविलास महाल त्याच सुमारास, १८७४ला उभा राहिला.

आता वरची अक्षरं. पुढचा टवका उडाला आहे, तिथे नाव असावं. उरलेलं मी असं वाचतो: ‘…जी बारगीर’. ‘जी’ हे नावाचं शेपूट. बारगीर शब्दाबद्दल खात्री आहे, ‘र’ आणि ‘ग’ दोन्ही स्पष्ट आहेत, हात न उचलता एका दमात ओढलेले. रोज लिहिणाऱ्याचं वळण नाही, पण शिकलेलं आहे.

मुरारकर
१८७४. म्हणजे तेव्हा पागेच्या दारातून किल्ला दिसत असेल तर वर इंग्रजांचं निशाण असणार.

ओसरी
दिसतो. आजही दिसतो, समोरच्या दुमजली घराच्या बाजूने थोडा.

निळी_शाई
बारगीर म्हणजे स्वार ना? शिलेदारापेक्षा वेगळा का?

मोडीवाचक
शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारचा किंवा सरदाराचा मिळे. तो त्यावर स्वारी करी, दाणा-वैरण बघे, खरारा करी, पण घोडा त्याचा नसे. चाकरी सुटली की घोडा पागेत, माणूस घरी.

गोदीवाला
म्हणजे जो घोडा त्याचा नव्हता तोच त्याने काढला. आयाळीच्या सात रेघांसकट.

ओसरी
काका, हे वाचून मी पागेत जाऊन बसले थोडा वेळ.

आजीला सगळं सांगितलं. ती काठी टेकत आली, खड्ड्याशी खुर्ची टाकून बसली आणि मला म्हणाली, उचललेला पाय दुखरा असेल गं, घोडा असा एक पाय हलका ठेवतो. तिच्या माहेरी घोडे होते. आम्ही कुणीच तसा विचार केला नव्हता.

कातळ
आजींचं निरीक्षण कागदावर लिहून, तारीख घालून फोटोंसोबत ठेवा.

पुढच्या कामाचं: त्या भिंतीला सिमेंट पुन्हा लावू नका. वालुकाश्म ओल पितो आणि सोडतो. सिमेंटने ती वाट बंद होते, क्षार आतच फुलतात, लोणा लागतो आणि दगडाची वरची पापडी सुटते. तुमच्या चिऱ्याचा टवका तसाच गेला असणार. सांधे चुन्यानेच भरा. चकाकी आणणारं कुठलंही रसायन फासू नका, दुकानदार कितीही सांगो. खड्डा उघडा ठेवायचा असेल तर पावसाचं पाणी त्यात उतरणार नाही असं बघा, नाहीतर फोटो काढून कोरडी वाळू भरून परत झाका. झाकणं म्हणजे गमावणं नव्हे, गेली शंभर वर्षं त्या भरावानेच पाय जपले.

ओसरी
शेवटचं कळवते. ठेकेदाराला समजावलं. तो म्हणाला, मॅडम, आधी सांगितलं असतं तर मीच ग्राइंडर काढला नसता, आमच्या गावच्या गढीतही असं आहे. त्याला तिथले फोटो काढून आणायला सांगितलं आहे, आणल्यावर वेगळा धागा काढेन.

मामाने भिंतीचा तो सहा हातांचा भाग गोदामातून वगळला. आडवी लाकडी फळी टाकून वेगळा केला आहे. खड्डा उघडाच राहणार, कडेने विटांची उंची घेतली आहे आणि वरून पत्रा आहेच. नाल काढला त्याच जागी, जुन्या फरसबंदीवर ठेवला. मोडीवाचक काका, पुढच्या महिन्यात आपण येणार म्हणालात, नक्की या. टवक्याच्या डाव्या कडेला अर्ध्या अक्षराची एक उभी रेघ शिल्लक आहे, ती फोटोत येत नाही, बोटाला मात्र लागते.